मागच्या दाराच्या चपला

खानावळीत जाणारा माणूस पुढच्या दारानं आत शिरतो, हात धुतो आणि ताट मागवतो. मी मात्र नोकरीची सव्वीस वर्षं खानावळीत आधी मागच्या दारानं गेले. जेवायला नाही, चपला मोजायला.

हे मी घरात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझ्या सासूबाईंनी हातातली तसबीहची माळ खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं होतं. सुनेला सरकारी नोकरी लागली म्हणून त्यांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते, आणि सून म्हणते चपला मोजते. त्यांची समजूत काढायला मला दोन महिने लागले. तुमची त्याहून लवकर निघेल असं वाटतं.

मी कामगार खात्यात निरीक्षक होते. कोल्हापूर शहर आणि आसपासची दुकानं, हॉटेलं, खानावळी, मिठाईची दुकानं हे माझं राज्य. तिथं काम करणाऱ्याला पगार वेळेवर आणि ठरलेल्या दरानं मिळतो का, आठवड्याची सुट्टी मिळते का, तो जिथं राबतो ती जागा धड आहे का, हे बघायचं आणि धड नसेल तर मालकाला वठणीवर आणायचं. हल्ली या पदाला 'सुविधाकार' म्हणतात. निरीक्षक आले म्हटलं की मालकाला घाम फुटायचा. सुविधाकार आले म्हटल्यावर त्याला वाटतं, नळाचं कनेक्शन द्यायला कुणीतरी आलंय.

हॉटेलं तपासताना सगळ्यात मोठा धोका चहाचा. मालक आधी चहा मागवतो, मग भजी, मग ओळखीपाळखी निघतात आणि तासाभरानं निरीक्षक हजेरीपुस्तक न उघडताच बाहेर पडतो. म्हणून आमचे एक वरिष्ठ मला मुद्दाम रमजानात हॉटेलांच्या दौऱ्यावर पाठवायचे. रोजा असलेल्या बाईला मालक काय पाजणार? 'मुजावर मॅडम आल्या, पाणीबी घेत न्हाईत' अशी माझी कीर्ती त्या महिन्यात शहरभर होई. मालक बिचारे माझ्यासमोर स्वतःही चहा प्यायचे नाहीत, म्हणजे माझ्याबरोबर अर्ध्या शाहूपुरीला रोजा घडायचा.

आता दहाचा आकडा समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं आहे. जिथं दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथं रीतसर नोंदणी, भरपगारी रजा, आजारपणाचा विमा, असं बरंच काही मालकाच्या गळ्यात येतं. दहाच्या आत असलं की यातलं फारसं काही नाही. त्यामुळे कोल्हापुरातल्या प्रत्येक खानावळीत नऊ माणसं काम करायची. शंभर गिऱ्हाईक बसणाऱ्या खानावळीत नऊ आणि वीस गिऱ्हाईक बसणाऱ्या खानावळीतही नऊच. दहावा माणूस दिसलाच तर तो पाहुणा असायचा. एका हॉटेलवाल्यानं मला पाणी भरणाऱ्या माणसाची ओळख 'आमचा मेव्हणा' अशी करून दिली. मी मेव्हण्याचं नाव विचारलं. मालकानं मेव्हण्याकडे बघितलं, मेव्हण्यानं मालकाकडे. शेवटी मेव्हणाच म्हणाला, "सांगा की मालक, तुमच्या बायकूचा भाऊ हाय मी."

माणसं लपवता येतात, पण त्यांच्या वस्तू लपवायचं कुणाला सुचत नाही, हे मी कबनूरला शिकले. नोकरीच्या सुरुवातीला काही महिने इचलकरंजी भागात होते. तिथं यंत्रमागांच्या शेडमध्ये मालक सांगेल तेवढीच माणसं समोर असत, पण भिंतीवरच्या खिळ्यांना डबे लटकत. डबे मोजले की पाळीवरची माणसं कळत. खानावळीत ही युक्ती चालत नाही, कारण तिथली माणसं तिथंच जेवतात. पण आपल्याकडे चुलीजवळ चपला घालून कुणी जात नाही. बाहेर सतरा प्रकारे बेशिस्त वागणारा आचारीसुद्धा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर चपला काढतो. मागच्या दाराशी चपलांची रांग लागते आणि ती रांग खोटं बोलत नाही. मी बोळातून आत जायची, जोड मोजायची, छोट्या वहीत लिहायची आणि मग पुढच्या दारानं जाऊन विचारायची, "बापू, किती माणसं आहेत कामाला?"

बापू म्हणजे शाहूपुरीतल्या एका मटण खानावळीचे मालक. खानावळीचं नाव सांगत नाही, आजही तिथं बुधवारी आणि रविवारी उभं राहायला जागा नसते. माणूस मोठ्या आवाजाचा, मोठ्या मिशीचा आणि गल्ल्यावर बसूनच सगळ्या हॉलशी गप्पा मारणारा. गिऱ्हाइकाला ताटात वाटी भरून पांढरा रस्सा आधी, पैशांची बात नंतर. खानावळीच्या मागं एक बोळ होता. एक दार बोळात आणि एक स्वयंपाकघरात उघडणारी पत्र्याची खोली होती आणि त्या खोलीत बसून पाच बायका दिवसभर भाकरी थापायच्या. पुढच्या हॉलमध्ये बसणाऱ्याला त्यांचा फक्त थापण्याचा आवाज यायचा.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा बोळात चौदा जोड होते. गल्ल्यावर बापूंनी अर्थातच नऊ सांगितले. मी चौदा म्हटल्यावर ते इतके मनापासून हसले की मलाही हसू आलं. भाकरीवाल्या बायकांची नावं महिनाभरात चढवतो, यात्रा तेवढी होऊ द्या, म्हणाले. माझी पद्धत अशी होती की पहिल्यांदा तोंडी सांगायचं, दुसऱ्यांदा जरा कडक तोंडी आणि तिसऱ्यांदा कागद. काही महिन्यांनी परत गेले. परत चौदा. त्यातल्या एका जोडीचा अंगठा तुटला होता आणि तांब्याच्या तारेनं नीट आवळून बांधला होता. पहिल्या खेपेलाही तीच जोडी त्याच जागी होती. मी वहीत लिहिलं, 'मागचे दार: १४ जोड. एक तारेची.' बापूंना कडक तोंडी समज दिली आणि निघाले.

तिसऱ्या खेपेच्या आधी माझा सत्कार झाला.

खानावळवाल्यांच्या संघटनेनं मेळावा भरवला होता आणि कायदा समजावून सांगायला मला बोलावलं होतं. मी चांगलं बोलते, असं लोक म्हणतात, आणि ते मला त्या दिवशी जरा जास्तच पटलं होतं. शाल, श्रीफळ, फेटा. समोर दीडशे मालक, सगळे कधी ना कधी माझ्या तावडीत सापडलेले, आणि सगळे टाळ्या वाजवत होते. एकानं उठून विचारलं, "मॅडम, तुमाला आमची माणसं किती हाईत ते बसल्या जाग्यावर कसं कळतंय?" मला गप्प बसता आलं असतं. पण फेटा बांधलेल्या माणसाला गप्प बसवत नाही. मी चपलांची सगळी गोष्ट रंगवून सांगितली, मेव्हण्यासकट. मंडप हसून हसून लोटपोट झाला. सगळ्यात मोठ्यानं हसत होते ते पहिल्या रांगेतले बापू.

दोन महिन्यांनी मी त्यांच्या बोळात गेले तेव्हा पत्र्याच्या खोलीबाहेर चपला नव्हत्या. तिच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी नऊ जोड तेवढे होते. गल्ल्यावर गेले तर बापू म्हणाले, भाकरीवाल्या बायका बंद केल्या, भाकरी आता बाहेरून मागवतो, ती खोली लाकडं ठेवायला आहे. कुलूप कशाला, तर मटणाच्या वासानं कुत्री शिरतात. मी म्हटलं, सरपण आहे म्हणता आणि बोळाकडं बाहेर पडायला दार हे एकच, कुलूप काढा. ते लगेच काढतो म्हणाले. मी तपासणीच्या कागदावर 'एकूण कामगार नऊ' लिहिलं आणि खाली सही केली. कुलपाचं काही लिहिलं नाही, ते तोंडी झालं होतं.

मी हॉलमधून बाहेर पडत होते तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या ताटात भाकरी वाढली गेली. फुगलेली, वाफ निघत असलेली. बाहेरून मागवलेली भाकरी अशी येत नाही, हे चौथीतल्या पोरालाही कळेल. मी ती वाफ बघितली आणि बापू सुधारले या समाधानात पायरी उतरले. त्या वेळी आत थापण्याचा आवाज का येत नव्हता, याचा विचार मी नंतर फार केला.

खानावळीच्या सुरक्षेचं एक सांगते. गॅसचं बघणारं खातं वेगळं, आगीचं वेगळं, अन्नाचं वेगळं आणि माणसांचं आमचं. चारही खात्यांची माणसं त्याच हॉलमध्ये बसून जातात आणि प्रत्येकाला वाटतं, दाराचं तेवढं दुसरा कुणीतरी बघेल. मलाही तेच वाटलं.

पावसाळ्याच्या तोंडाला एका गुरुवारी सकाळी पेपरात चार ओळींची बातमी होती. शाहूपुरीत खानावळीला आग, महिला भाजली. चहाचा कप मी तसाच ठेवला आणि स्कूटर काढली. बोळाच्या तोंडालाच पंक्चर काढायचं दुकान आहे, तिथल्या पोक्त गृहस्थांनी मला झालेलं सगळं सांगितलं. आदल्या दिवशी भर दुपारी, ऐन गर्दीत, पत्र्याच्या खोलीतल्या गॅसच्या शेगडीची नळी सुटली. जाळ नेमका स्वयंपाकघराकडच्या दारात. आत पाच बायका. बोळाकडचं दार बाहेरून बंद. आतून पत्रा बडवल्याचा आवाज आला तेव्हा यांनी टायर काढायची पहार घेऊन कडीकोयंडाच उपटला. चौघी धडपडत बाहेर आल्या. पाचवी जरा उशिरा आली आणि तीच भाजली.

तिचं नाव मालन. गडमुडशिंगीची, पंचेचाळिशीची, रोज सकाळच्या बसनं यायची आणि संध्याकाळच्या बसनं जायची. आठवड्याभरानं सरकारी दवाखान्यात मला तिला भेटू दिलं तेव्हा ती कॉटवर बसून होती. उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत पट्टीत. कॉटखाली तिच्या चपला होत्या. एकीचा अंगठा तांब्याच्या तारेनं बांधलेला होता.

मी ती तार दोन वर्षं ओळखत होते. तिच्या मालकिणीला त्या दिवशी पहिल्यांदा बघत होते.

मी विचारलं, बाकीच्या बाहेर पडल्या, तुम्ही मागे कशा राहिलात? आमच्याकडे गावाकडच्या बायका स्वतःबद्दलही आलो, गेलो असंच बोलतात. मालन म्हणाली, "दारापातूर आलतो की मी. चपला घ्याय मागं वळलो. तेवढ्यात त्येलाचा डबा कलांडला."

"चपला आत होत्या?"

"आतच ठेवायच्या म्हणून सांगितलेलं," ती म्हणाली आणि खिडकीकडे बघू लागली.

त्या मंडपातल्या टाळ्या मला तिथं, त्या वॉर्डात, पुन्हा ऐकू आल्या. मी तिला तेव्हाच सांगायला हवं होतं की चपला आत नेण्याची अक्कल मालकाला कुणी दिली. मला धीर झाला नाही. मी वही काढली आणि पगाराचं विचारायला सुरुवात केली, कारण ते मला जमतं.

पगाराची हकीकत अशी. खानावळीत काम करणाऱ्या बऱ्याच बायका पूर्ण पगार घरी नेत नाहीत. आठवड्याला खर्ची तेवढी उचलायची आणि उरलेला पगार मालकाकडे ठेवायचा. घरात नेला की नवरा, दीर, उसनवार असं करत तो संपतो, मालकाकडे राहिला की एकरकमी मिळतो. पावती नाही, कागद नाही, विश्वास एवढाच. मालननं दोन वर्षं असा पगार बापूंकडे ठेवला होता. तिच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि फी भरायची मुदत महिनाभरावर आली होती. दवाखान्यात बापू दोनदा फळं घेऊन आले होते, औषधाचे पैसेही देऊन गेले. पण मुलगी खानावळीत जाऊन आईचा पगार मागू लागली तेव्हा त्यांनी तिला सांगितलं की कसला पगार, तुझी आई आमच्याकडे कामाला नव्हतीच.

हे बापूंचं डोकं नव्हतं, वकिलाचं होतं. मालन कामगार ठरली तर चौदा माणसं ठरणार, मग नोंदणी लपवली हे ठरणार आणि माणसं आत असताना दाराला कुलूप होतं हेही ठरणार. त्यापेक्षा ती पाहुणी ठरलेली बरी. बापूंच्या मंडळींच्या माहेरची बाई, त्या दिवशी सहज भेटायला आलेली. उरलेल्या चौघी दुसऱ्याच दिवशी दुसरीकडे कामाला लागल्या आणि मी घरी गेले तेव्हा एकीनंही दार पुरतं उघडलं नाही. त्यांना मी दोष देत नाही, त्यांनाही खर्चीवर घर चालवायचं होतं.

मी मालनच्या वतीनं पगाराचा दावा दाखल केला. निरीक्षकाला तसा अधिकार असतो. फीची मुदत अर्जातच लिहिली, त्यामुळे तारीख लवकर मिळाली. आमच्या कार्यालयातल्या एका सहकाऱ्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, तुमच्याच कागदावर नऊ लिहिलंय, ते समोर आलं की काय करणार? माझ्या बढतीची फाईल त्या वेळी वर गेलेली होती आणि निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. मी म्हटलं, समोर येऊ दे.

सुनावणी एका लहान खोलीत झाली. टेबलामागे दावा ऐकणारे साहेब, एका बाजूला बापू आणि त्यांचे वकील, दुसऱ्या बाजूला मी आणि मालन. मागं आमचे वरिष्ठ येऊन बसले होते. वकील सभ्य गृहस्थ होते. त्यांनी माझाच कागद माझ्यापुढे ठेवला.

"मॅडम, ही सही तुमची?"

"माझीच."

"एकूण कामगार नऊ. अक्षर तुमचं?"

"अक्षरही माझंच. आणि ते चूक आहे."

मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. स्वतःचा तपासणीचा कागद स्वतःच चूक म्हणणारा निरीक्षक आमच्या कार्यालयानं तोवर पाहिला नव्हता. साहेबांनी विचारलं, चूक कशी? मग मी सगळं सांगितलं. चौदा जोड, दोनदा तोंडी समज, मेळावा, फेटा, चपलांची गोष्ट, नंतरचं कुलूप आणि ताटातली वाफाळती भाकरी. सांगताना मालनकडे बघायचं मी टाळलं. माझी छोटी वहीही पुढे केली.

वकील म्हणाले, ही खासगी वही आहे. शिवाय चपलेवर चपलेच्या मालकाचं नाव लिहिलेलं नसतं. चौदा जोड कुणाचेही असू शकतात, शेजारच्यांचे, गिऱ्हाइकांचे. मुद्दा बरोबर होता. मी त्यांना वहीतली 'एक तारेची' ही ओळ दाखवली. ती दोन वेगवेगळ्या तारखांना, काही महिन्यांच्या अंतरानं लिहिलेली होती. सहज भेटायला आलेली पाहुणी इतक्या महिन्यांच्या अंतरानं दोन्ही खेपेला नेमकी कामाच्या वेळी त्याच जागी चपला काढत नाही, असं मी म्हटलं.

साहेबांनी विचारलं, ती जोडी आज कुठं आहे?

मालन पहिल्यांदाच बोलली. "दाराभाईर काढलीया, सायेब."

तिच्या पायांकडे तोवर कुणीच बघितलं नव्हतं. ती अनवाणी होती. साहेबांच्या खोलीत चपला घालून यायचं तिला पटलं नव्हतं. साहेब उठले, दार उघडलं आणि आम्ही सगळे त्यांच्यामागं उंबऱ्यापाशी गेलो. बाहेर एकच जोडी होती. एका बाजूला करपलेली, आणि अंगठ्याला तांब्याची तार.

वकील म्हणाले, तार कुणीही बांधेल. साहेबांनी मालनला विचारलं, ही तार कुणी बांधली?

तिनं बापूंकडे बघितलं नाही. साहेबांकडे बघूनच म्हणाली, "मालकांनी. हॉलातला पंखा दुरुस्त करताना तार उरलेली. माझा आंगठा तुटला तवा म्हणाले, आण हिकडं, बसला जायाची हाय न्हवं तुला."

साहेब बापूंकडे बघत राहिले. वकिलांनी बापूंच्या दंडाला हात लावला. बापूंनी तो बाजूला केला. त्यांचा गल्ल्यावरचा आवाज त्या दिवशी कुठंतरी राहिला होता.

"व्हय सायेब," ते म्हणाले. "म्याच बांधली. ती आमच्याकडंच हाय कामाला. पैली भाकरी तीच टाकती."

बापूंबद्दल माझा राग मोठा होता आणि अजूनही पुरता गेलेला नाही. त्यांनी पाच बायकांना कुलपात ठेवलं होतं. पण ज्या बाईच्या चपलेला आपण स्वतः तार बांधली तिला तिच्या तोंडावर परकी म्हणणं त्यांना जमलं नाही, हेही खरं आहे आणि तेही मी इथं लिहून ठेवते.

हुकूम झाला. दोन वर्षांचा राखून ठेवलेला पगार, किमान दरातला फरक आणि वर नुकसानभरपाई. पहिला हप्ता फीच्या मुदतीआधी चार दिवस बापूंनी स्वतः गडमुडशिंगीला नेऊन दिला. कुलपाचा खटला वेगळा चालला, त्यात त्यांना दंड झाला. दुसऱ्या खात्यांनीही मग दार बघितलं. माझ्याकडून वरून खुलासा मागितला गेला, तो मी दिला. बढतीची फाईल कुठं गेली ते विचारायला मी गेले नाही. निरीक्षक असून मी कुलपाचं लिहिलं नव्हतं, त्याची किंमत मला याहून जास्त वाटते.

सुनावणी संपल्यावर मालन आणि मी बाहेर आलो. ती डाव्या हातानं चपला सरळ करत होती. उजव्या हाताची बोटं पूर्ण मिटत नव्हती, आजही मिटत नाहीत. भाकरी ती डाव्या हातानं थापायला शिकली आहे, पण पूर्वीचा वेग नाही आणि ते तिला टोचतं. मी तिला म्हणाले, मालनताई, चूक माझी आहे. मी त्या मेळाव्यात तोंड उघडलं नसतं तर तुमच्या चपला बाहेरच राहिल्या असत्या आणि दारही उघडं राहिलं असतं. तुम्ही आत ऐकलंतच. मला माफ करा.

ती जराही चकित झाली नाही. "मला म्हाईत हाय की," ती म्हणाली. "मेळाव्यातनं आल्या आल्या मालकांनी सांगितलंय, मॅडम चपला मोजत्यात, आता आत घ्या."

मी म्हटलं, माहीत होतं तर मी शेवटच्या खेपेला आले तेव्हा तुम्ही आतून एक हाक का मारली नाही? मी दारापाशीच उभी होते. कुलपाला हात लावून उभी होते.

मालननं तारेचा अंगठा पायात सरकवला आणि वर बघितलं.

"आमी पाचीजणी आत गप बसून तुमच्या पायाचा आवाज ऐकत हुतो, मॅडम. तीनदा आलासा. चपला मोजल्यासा. आत कोण हाय म्हणून एकदाबी इचारलंसा न्हाई."

ती बसथांब्याकडे निघाली.

नोकरीची उरलेली तीन वर्षं मी वहीत जोड लिहिले नाहीत, नावं लिहिली. त्यानं काम दुप्पट वाढलं आणि माझ्याबद्दलच्या तक्रारीही वाढल्या. आता निवृत्त आहे, कुठल्याही हॉटेलात पाणी प्यायला मोकळी आहे. महिन्यातून एखाद्या बुधवारी बापूंच्या खानावळीत जाते. बापू गल्ल्यावर असतात, मिशी पांढरी झाली आहे, हजेरीपुस्तकात चौदा नावं आहेत. पण मी आधी बोळात जाते. पत्र्याच्या खोलीला आता कडीच नाही, पहारीनं उपटलेली बापूंनी परत बसवली नाही. बाहेर चपलांची रांग असते. मी तिच्याकडे बघत नाही. दारात उभी राहून विचारते, "कोण कोण आहे गं आत?"

थापण्याचा आवाज थांबतो आणि एकेक नाव येतं. पहिलं मालनचं असतं. पाचही ऐकून झाली की मी पुढच्या दारानं जाऊन जेवायला बसते.